सूपकर कोण होते

वऱ्हाडातल्या ज्या साप्ताहिकात सूपकरांची शब्दकोडी येत असत, त्या साप्ताहिकानं गेल्या महिन्यात काळी चौकट छापली. आमचे सूपकर गेले, वाचकांनी त्यांच्या आठवणी लिहून पाठवाव्यात. वाचकांनी पाठवल्या आणि त्या वाचून माझं डोकं फिरलं. अमरावतीचे एक गृहस्थ लिहितात, सूपकर संस्कृतचे पंडित असले पाहिजेत. अकोल्याच्या एकाला ते बुद्धिबळ खेळणारे वकील वाटतात. आमची हिंगोलीची कोडी सोडवणारी मंडळी तर स्टेशनाजवळच्या कापडाच्या दुकानात शोकसभेलाच जमली. फोटो नव्हता म्हणून एका जुन्या अंकाला हार घातला आणि जो तो उठून सूपकर कसे असतील ते सांगू लागला. एकानं त्यांना पांढऱ्या मिशासुद्धा चिकटवल्या.

मी कोपऱ्यात बसून होतो. नासेर कापडवाला, माझा जुना दोस्त, मला म्हणाला, "ग्यानबाभाई, तुमी सगळ्यात जुने. बोला की दोन शब्द."

"मला काय माहीत?" मी म्हणालो.

असं मी दुसऱ्यांदा म्हणालो. पहिल्यांदा म्हणालो ते सहा वर्षांपूर्वी, पुसेगावात, भर दुपारी, साऱ्या गावासमोर. त्या पहिल्या वेळेबद्दलच लिहायचं आहे. शोकसभेत तोंड उघडलं नाही, म्हणून आता कागद काढला आहे.

मी शिंपी. लहानपणी वाशिमला मामाकडे राहून मराठी चौथी केली आणि परत येऊन पुसेगावात मशीन टाकलं. आमचा मुलूख मोगलाईचा, गावातली शाळा उर्दूची, त्यामुळे मराठी छापील वाचणारी माणसं गावात दोन-तीन. नासेर दर मंगळवारी बाजाराला हिंगोलीहून कापडाचं गाठोडं घेऊन यायचा आणि त्या गाठोड्यात माझा अंक असायचा. अंकावर मी कधी रेघ मारली नाही. मशीनसमोरच्या खुंटीला एक काळं फडकं टांगलेलं असे. त्याच्यावर शिंप्याच्या खडूनं घरं आखायची, अक्षरं भरायची, चुकलं की फडकं झटकायचं. उत्तर पोस्टानं धाडायचं. बरोबर उत्तरं पाठवणाऱ्यांच्या यादीत माझं नाव तेवीस वेळा छापून आलं आहे. ही बढाई नाही. पुढं त्याचं काम पडणार आहे म्हणून सांगितलं.

सूपकरांचं कोडं म्हणजे काय चीज होती ते सोडवणाऱ्यालाच ठाऊक. दुसरे कोडेवाले नद्या, राजे, व्याकरण यांत फिरायचे. सूपकर चुलीपुढून उठतच नसत. एकदा त्यांनी दिलं, 'दोघी बहिणी, एक बसून, एक फिरून, मधे येईल त्याचं पीठ. दोन अक्षरं.' वकील मंडळींनी म्हणे तिथं 'कोर्ट' लिहिलं. जातं होतं ते. घरात रोज पहाटे घरघर ऐकूनसुद्धा भल्याभल्यांना सुचलं नव्हतं. पुढच्या अंकात उत्तर पाहिलं की माणूस आपल्याच कपाळावर हात मारून घेई आणि तरीही त्याला राग येत नसे.

हे सूपकर माझ्यापासून सहा घरांवर राहतात, हे मला एका चोळीमुळे कळलं.

माणिकराव पाटलांच्या धाकट्या भावाची विधवा शालूबाई चोळीचं माप द्यायला आली होती. तिचं माहेर वाशिमचं. नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला, मूलबाळ नाही, दिराच्या घरी राबत होती. मी सुई-दोरा शोधत होतो आणि ती फडक्याकडे बघत उभी होती. त्या आठवड्याचं एक अडलं होतं. 'वर्षभर पोटभर, आषाढात उपाशी. तीन अक्षरं.' मी 'तिजोरी' भरून ठेवलं होतं.

"शिंपीदादा," ती हळूच म्हणाली, "तिजोरी कुणाच्या घरी हाय? कणगी करा."

मी कणगी केलं, धान्य साठवतात ती. आडवे-उभे सगळे शब्द पटापट बसले. मी वळून तिच्याकडे पाहिलं, तर तिनं जीभ चावली होती, आणि कोडं घालणारी तीच हे मला उमगलं.

"कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "जाऊबाई घरात राहू देणार न्हाई."

मी सांगितलं नाही. माझ्या बायकोला, मिराला, तेवढं सांगितलं होतं, पण तिला कोड्यांत रस नव्हता. पुढं एकदा शिवलेलं द्यायला गेलो तेव्हा शालूबाईनं मला कोडं कसं तयार होतं ते दाखवलं. मागच्या पडवीत ती सूप घेऊन बसायची, निवडायला बसल्यासारखी. अक्षराच्या घराला ज्वारीचा दाणा, काळ्या घराला उडीद. दाण्यांच्या ओळी लावत जायची आणि शब्द तोंडातल्या तोंडात म्हणत जायची, म्हणजे कुठलं अक्षर कुठं येतं ते ध्यानात राहायचं. कुणाची चाहूल लागली की सूप झटकायचं. एका झटक्यात सगळं कोडं म्हणजे नुसती उडीद मिसळलेली ज्वारी. जमलं तेवढं रात्री चिठोऱ्यांवर उतरवून कणगीमागं ठेवायचं. दोन-तीन महिन्यांनी भाऊ भेटायला आला की तो ते पैनगंगेपलीकडे, वऱ्हाडात, घेऊन जायचा आणि आपल्या अक्षरात लिहून धाडायचा. सूपकर हे नाव त्यानंच ठेवलेलं.

त्यानंतर महिनाभरानं कोड्यात आलं, 'तोडते, पण जोडणाऱ्याच्याच घरी राहते. दोन अक्षरं.' माझ्या हातातच कात्री होती. एवढा आनंद मला स्वतःच्या लग्नात झाला नव्हता. सगळ्या वऱ्हाडाला आणि मोगलाईला घातलेल्या कोड्यात एक ओळ माझ्यासाठी होती.

दोन वर्षं असं सुखात चाललं. मग त्या साली, चैत्र सरता सरता, गावात भानामती आली.

ज्यांनी पाहिली नाही ते हसतात. मीही हिंगोलीत बसून हसलो असतो. आधी पाटलांच्या घरावर दगड पडले. कुठून पडले कळेना. मग शालूबाईची जाऊ रूपाबाई भाकरी थापता थापता कुत्र्यासारखी भुंकायला लागली. डोळे उघडे, माणूस शुद्धीवर, आणि गळ्यातून भुंकणं. तिचं ऐकून शेजारची, मग पलीकडच्या आळीतली. दंडावर आपोआप फुल्या उमटायच्या, लाल, जसं कुणी नखानं काढल्या असाव्यात. पेटीतलं लुगडं पेटीतच जळलं. आठ दिवसांत अकरा बाया झाल्या. माणसं दिवसासुद्धा शेताला एकटी जाईनात. विहिरीवर बाया एकमेकींच्या तोंडाकडे बघत पाणी भरायच्या, कुणाचं तोंड आता उघडतं म्हणून. सारं गाव दारं लोटून आत बसलं होतं आणि आतूनही कुणी ना कुणी भुंकत होतं.

नवव्या दिवशी मिरा भुंकली. माझं मशीन चालू होतं. मला वाटलं बाहेर कुत्रं आलं. मी हाड हाड म्हणत उठलो आणि पाहिलं तर ती चुलीपुढं बसून माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे रडत होते आणि तोंड भुंकत होतं.  मी तिला सदऱ्याच्या पट्ट्यांनी खांबाला बांधलं, डोकं आपटून घेऊ नये म्हणून. स्वतःच्या बायकोला बांधायला मऊ कापड शोधत होतो मी.

पाटलांनी दूरच्या गावाहून एक जाणता आणला. भानामती उतरवणारा. तो म्हणाला, करणारं माणूस गावातलंच आहे, याच घराजवळचं आहे. रूपाबाईनं ते ऐकलं आणि तिला आठवलं. पडवीत सूप. काळे उडीद आणि पांढरी ज्वारी, चौकोनात. आणि जाऊ तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते, कुणी आलं की सूप झटकते. झडती घेतली. कणगीमागं चिठोऱ्या निघाल्या. चौकोन, चौकोनात अक्षरं, काही घरं काळी.

आमच्या भागात भानामती करणाऱ्याचं काय करतात ते सांगतो. पुढचे दात काढतात. दात नसले की मंत्राचा उच्चार नीट होत नाही, आणि मंत्र फुटका निघाला की भानामती पळते, अशी समजूत. लोहाराची सांडशी आणतात.

दुपारी पाटलांच्या दारातल्या चिंचेखाली गाव जमलं. शालूबाई मध्ये बसली होती. पदर डोक्यावर नीट घेतलेला, हात मांडीवर. लोहार सांडशी घेऊन बाजूला उभा होता आणि ती कुणाला दिसू नये म्हणून पाठीमागं धरून होता. माणिकराव पाटील काही राक्षस नव्हते. त्यांची बायको आत भुंकत होती आणि दहा-बारा दिवस त्यांना झोप नव्हती.

"शालू, हे काय हाय?" त्यांनी चिठोऱ्या पुढं केल्या.

"कोडं हाय, भाऊजी. शब्दांचा खेळ. पेपरात छापून येतं."

"पेपरात? तू पेपरात लिव्हती?" कुणीतरी म्हणालं. विधवा बाई, पडवीत बसून पेपरात लिहिते, हे भानामतीपेक्षाही अवघड होतं पटायला.

"शिंपीदादाला इचारा," ती म्हणाली. "त्यांच्याजवळ छापील हायत. तेच चौकोन. त्यांना सगळं समजतं."

सगळं गाव माझ्याकडे वळलं. पाटलांनी चिठोऱ्या माझ्या हातात दिल्या. पुढच्या खेपेचं कोडं होतं ते. अर्धंच झालेलं. इतक्या गर्दीत, इतक्या भीतीत माझ्या मनानं एक आडवा शब्द सोडवलासुद्धा. काय निर्लज्ज असतं बघा माणसाचं डोकं.

"व्हय पाटील," मी म्हणालो. "हे कोडंच हाय. माझ्या घरी अंक हायत. त्यात बराबर असंच असतं."

"घरी?" जाणता माझ्याजवळ आला. "तुमच्या घरी कवापासून हायत?"

"तीन वर्षं झाली."

"आणि तुमची बायको भुंकून राहिली, ती कवापासून?"

 माझ्या शेजारी उभा असलेला माणूस एक पाऊल सरकला. मग त्याच्या पलीकडचाही.

"घेऊन या," पाटील म्हणाले. "बघू दे आमाला."

"आणतो," मी म्हणालो. शालूबाईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची भीती थोडी उतरली होती. मी अंक आणीन, पाटील दोन्ही चौकोन शेजारी धरतील, आणि सुटेल ती. तिला तसं वाटलं. मलाही सहा घरं चालेपर्यंत तसंच वाटत होतं.

घरात मिरा खांबाला बांधलेली. मी आत पाऊल टाकलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. ती खुंटीवरच्या काळ्या फडक्याकडे बघत होती. त्या आठवड्याचं कोडं त्याच्यावर भरलेलं होतं, पांढऱ्या खडूनं, घर न् घर. तिनं फडक्याकडे बघून भुंकायला सुरुवात केली.

खोटं कशाला लिहू? त्या क्षणी मला ते खरं वाटलं. मी, तेवीस वेळा नाव छापून आलेला, ज्याला जात्याचं आणि कात्रीचं उत्तर कळलं होतं, त्याला वाटलं की हे चौकोन खरंच काहीतरी आहेत. दर मंगळवारी मीच हे घरात आणतो. आणि पुढं दिसलं ते असं: मी अंक घेऊन चिंचेखाली जातो, जाणता ते बघतो, आणि सांगतो की छापील मंत्र तर शिंप्याच्या घरात आहेत. मग झडती माझी. मग हे फडकं. मग मिराला करणी कुणी केली, शालूबाईनं की मिराच्या स्वतःच्याच नवऱ्यानं? सांडशी एकच होती, पण दिवस मोठा होता.

मी अंक काढले. शंभरावर होते, खाटेखाली, रेघ न मारलेले. ते चुलीत घातले. एकेक पेट घेईना म्हणून फाडून घातले. सूपकरांची सगळी कोडी जळताना मी बघितली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. धुरानं मिरा खोकायला लागली आणि खोकता खोकता भुंकायची थांबली. मग मी फडकं खुंटीवरून काढलं आणि झटकलं. दोनदा, तीनदा. काही राहिलं नाही.

परत गेलो तेव्हा सगळे तसेच उभे होते.

"कुठं हायत अंक?" पाटलांनी विचारलं.

"न्हाईत पाटील. माझी चूक झाली. असं काहीतरी कधी पाहिलं होतं, पण ते हे न्हाई."

"मग हे काय हाय?"

"मला काय माहीत?" मी म्हणालो.

शालूबाई माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती. मीही खाली पाहिलं. बोटं राखेनं काळी झाली होती आणि मनगटापर्यंत खडूची पांढरी पूड. ती एक शब्द बोलली असती तर गावानं माझे हात बघितले असते. ती बोलली नाही. मान खाली घातली आणि पदर आणखी पुढं ओढला.

मी तिथून निघून गेलो असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. गेलो नाही. गेलो तर संशय येईल, या भीतीनं शेवटपर्यंत उभा राहिलो. वरचे पुढचे दोन दात काढले. ती ओरडली एकदाच. लोहाराची सांडशी दोनदा निसटली म्हणून वेळ लागला.

दोन दिवसांत बाया शांत झाल्या. मिराही. गाव म्हणालं, बघा. ज्येष्ठात पलीकडच्या आळीत पुन्हा दोघी भुंकल्या, तेव्हा शालूबाई गावात नव्हती, पण ते कुणी फारसं बोललं नाही.

त्याआधीच तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला होता, तिला कायमची घेऊन जायला. गाडी माझ्या दुकानासमोर थांबली आणि ती उतरली. तिची चोळी शिवून पडली होती. तोंडावर पदर धरून ती दारात उभी राहिली. मी चोळी दिली. मला तिच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं, आणि ठेवलं तर समोरचे लोक काय म्हणतील याची भीती होती. तेव्हाही भीतीच.

तिनं खुंटीकडे पाहिलं. खुंटी मोकळी होती.

"फडकं झटकलं?" तिनं विचारलं. शब्द वाऱ्यासारखा फुटून आला, मला समजायला वेळ लागला.

"व्हय, वहिनी."

"मी पण सूप झटकलंच असतं," ती म्हणाली. "तुमाला येळ मिळाला. मला न्हाई मिळाला."

एवढं बोलून ती गाडीत बसली. ती मला दोष देत होती की माफ करत होती, ते मला कळलं नाही. मला वाटतं ती फक्त जसं आहे तसं सांगत होती. तिची ती सवय होती.

दोन महिन्यांनी सूपकरांची कोडी पुन्हा यायला लागली. हिंगोलीची मंडळी खूश. म्हणाली, सूपकर आता आणखी तयार झाले. मी पुन्हा अंक घ्यायला लागलो, पण सोडवत नव्हतो, शोधत होतो. दर मंगळवारी नासेरनं गाठोडं सोडलं की मी उभ्या उभ्याच कोड्याचं पान उघडायचो. आज असेल. आज कुठंतरी असेल, 'सहा घरांवरून हात धुऊन आला, तीन अक्षरं.' सगळ्या वऱ्हाडात लोक पेन्सिली घेऊन बसतील आणि माझं नाव चौकोनात भरतील. सहा वर्षं मी प्रत्येक आडवा, प्रत्येक उभा शब्द घाबरत वाचला. कधीच नव्हतं. चूल होती, जातं होतं, सूप, सुपली, ताक, रवी होती. माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. कात्रीसुद्धा तिनं परत कधी घातली नाही.

त्या सहा वर्षांत मी एकदाही उत्तर पाठवलं नाही. यादीत माझं नाव दिसलं तर तिला काय वाटेल, ही एक भीती. आणि दिसलं नाही तर काय वाटेल, ही दुसरी.

आता ती गेली. सूपकर गेले, एवढंच तिच्या भावानं तुम्हाला कळवलं असणार. संपादकसाहेब, तुम्ही चौकट पुन्हा छापणार असाल तर नाव नीट छापा. सूपकर म्हणजे शालूबाई, सासर पुसेगाव, माहेर वाशिम. मिशा नव्हत्या. पुढचे दोन दात नव्हते. ते कसे गेले तेही छापा, आणि खाली माझं नाव छापा, ग्यानबा शिंपी, पुसेगाव, नेहमीसारखं पुरतं. माणिकराव अजून पाटील आहेत, रूपाबाई अजून त्याच पडवीत बसते, आणि हा कागद मी कुणी येत नाही ना हे बघत बघत लिहितो आहे. मंगळवारी नासेरच्या हाती देईन. दिला नाही तर तो तुमच्यापर्यंत पोचणारच नाही, आणि मग माझ्याशिवाय कुणाला कळणार?

तुम्ही माझं नाव तेवीस वेळा बरोबर उत्तर पाठवणाऱ्यांत छापलं आहे. बरोबर उत्तर मला त्या दुपारीही ठाऊक होतं.